बेस गिटारचा सेटअप घरी करताना: आधी काय, मग काय आणि कशाला हात लावायचा नाही

बेस वाजवणारे एकत्र जमले की कुठल्या तारा, कुठला ॲम्प, बोटांनी की पिकने यावर रात्र सरते. पण बेसचा सेटअप शेवटचा कधी केला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: घेतला तेव्हा दुकानातच केला होता. मग एखाद्या शोच्या आदल्या रात्री ई तार कुरकुरायला लागते आणि हातात ॲलन की घेतली जाते. ॲक्शन, म्हणजे फ्रेटांपासून तारांची उंची, जास्त वाटते म्हणून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, आवळला जातो. त्याने बझ येतो, म्हणजे तार फ्रेटला लागून किरकिरते, म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे टेकू, चढवले जातात. आता बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर लागत नाही, म्हणून इंटोनेशनचे, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल पुढे-मागे करायचे, स्क्रू फिरतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "अरे, तारा जुन्या झाल्यात," नव्या तारा चढतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

यातली एकेक क्रिया अवघड नाही. चुकतो तो क्रम. तारा, सूर, नेकचा बाक, नट (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी; ट्रस रॉडचा फिरवायचा नट वेगळा), ॲक्शन, इंटोनेशन, पिकअप: हा तो क्रम. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे मधली एखादी बदलली की पुढच्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात, मागच्या मात्र सहसा तशाच राहतात. हा लेख ३४ इंच स्केलच्या (नट ते सॅडल तारेची लांबी), फ्रेट असलेल्या, स्क्रूने नेक बसवलेल्या चार तारांच्या बेससाठी आहे. पाच तारांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

## तयारी: हत्यारं, जागा आणि वेळ

हत्यारं फार लागत नाहीत, पण नेमकी लागतात.

- फीलर गेज. दुचाकीचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तीच पातळ पात्यांची जुडी. मुंबईत नागदेवीला, पुण्यात बोहरी आळीत किंवा गावातल्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळते. ०.२५, ०.३० आणि ०.३५ मिमीची पाती त्यात आहेत ना, ते बघून घ्या.
- स्टीलची पट्टी. अर्धा मिलीमीटरच्या खुणा असलेली, आणि शून्य अगदी कडेपासून सुरू होणारी. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीत कडेला मोकळी जागा असते, ती इथे चालत नाही.
- ॲलन की. ट्रस रॉडची एक आणि सॅडलची एक. काही बेसना मिलीमीटरची लागते, काहींना इंचाची. बेसबरोबर आलेली की हरवली असेल तर दोन्ही मापांचे सेट घ्या आणि जी घट्ट, न डुगडुगता बसते तीच वापरा. "जवळपास बसते" अशी की म्हणजे रॉडच्या नटाच्या कडा गोल करण्याची हमी.
- कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), वायर कटर, स्क्रू ड्रायव्हर, सुती फडकं.
- केबलने जोडायचा ट्यूनर. खुल्या ई तारेचा सूर ४१.२ हर्ट्झ आणि पाच तारांच्या बेसवरच्या बी तारेचा ३०.९ हर्ट्झ. इतक्या खालचा सूर फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही, आकडा नाचत राहतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या नेकच्या टोकाला, चिमटा लावायचा ट्यूनर सूर लावायला चालेल, इंटोनेशनला नाही.

जागा म्हणून जेवणाचं टेबल पुरतं. त्यावर जाड टॉवेल आणि नेकखाली गुंडाळलेला नॅपकिन, म्हणजे हेडस्टॉक अधांतरी राहील आणि खुंट्यांवर भार येणार नाही.

वेळेचं सांगायचं तर शोच्या आधी चार-पाच दिवस हाताशी असू द्या. लाकूड आणि तारा दोन्ही बसायला वेळ घेतात. आदल्या रात्री करण्याजोगं काम एकच, तारा पुसणं.

आधी ठरवा: तुम्ही कुठल्या सुरात वाजवता? हे फार जण विसरतात. मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत पट्टी गायक ठरवतो. काळी दोनमधल्या गाण्यांचा भरणा असेल तर कित्येक बेसवाले सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवतात, म्हणजे खुल्या ई तारेवर थेट काळी दोनचा सा मिळतो. तसं कायमचं वाजवत असाल तर सेटअपही त्याच उतरवलेल्या सुरात करा. चार तारांचा मिळून नेकवरचा ताण सुमारे ८० किलो असतो. अर्धा स्वर उतरवला की तो कमी होतो, नेक थोडा मागे जातो आणि तारा ढिल्या झाल्यामुळे जास्त झुलतात. नेहमीच्या ई-ए-डी-जी सुरात केलेला सेटअप तिथे बझ देणारच.

## टप्पा १: हात लावण्याआधी मापं लिहून ठेवा

आहे त्या स्थितीत बेस सुरात लावा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: नेकचा बाक, सतराव्या फ्रेटवर ई आणि जी तारांची उंची, आणि प्रत्येक सॅडल ब्रिजवर कुठे आहे. कशी मोजायची ते पुढे येईलच. ब्रिजचा फोनने वरून एक फोटो काढा.

हे कंटाळवाणं वाटेल. पण काही बिघडलं तर परतायला जागा हवी, आणि निम्म्या वेळा मापं घेतल्यावर कळतं की बेस ठीकच आहे, तारा तेवढ्या मेल्यात.

तपासा: बझ ॲम्पमधून ऐकू येतो का? जवळ कान नेल्यावर फ्रेटवर तार टिचते, पण ॲम्पमधून स्वर स्वच्छ येत असेल, तर तो दोष धरू नका. कमी ॲक्शनच्या कुठल्याही बेसवर एवढी किरकिर असतेच.

## टप्पा २: तारा

सेटअप नेहमी त्याच तारांवर करायचा ज्या शोमध्ये राहणार आहेत. दोन-अडीच हजारांचा सेट "शोच्या दिवशी टाकू" म्हणून जपून ठेवणं आणि जुन्या तारांवर सेटअप करणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान. मळलेली, फ्रेटांनी खाचा पडलेली तार लांबीभर सारखी जाड राहत नाही, त्यामुळे तिचं इंटोनेशन कधीच नीट लागत नाही.

जाडी कुठली? ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग, सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तार) हा सर्वसाधारण सेट. ४० ते ९५ बोटांना हलका, आणि नेकवरचा ताणही कमी. त्याच जाडीचा, त्याच प्रकारचा सेट पुन्हा टाकत असाल तर पुढचे बरेचसे टप्पे नुसते तपासून भागतं. जाडी बदलली, किंवा राउंडवाउंडवरून (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) फ्लॅटवाउंडवर (चपट्या पट्टीचं गुळगुळीत वेटोळं असलेल्या) गेलात, तर सगळं पहिल्यापासून. भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्याने एकदा तरी फ्लॅटवाउंड लावून बघाव्यात असं माझं मत आहे. बोट सरकल्याचा आवाज येत नाही आणि स्वर गोल, आखूड येतो. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून, वाजवणाऱ्याने या फंदात पडू नये. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं बदलत नसे हे खरं, पण ते जुन्या राउंडवाउंड न बदलण्याचं निमित्त होऊ शकत नाही.

तारा एकेक करून बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. फ्रेटबोर्ड पुसायचा असेल तर चारही उतरवायला हरकत नाही, त्याने नेक वाकडा होत नाही. फक्त तारांशिवाय आठवडेच्या आठवडे ठेवू नका. रोझवूडच्या बोर्डावर लेमन ऑइलचा एखादा थेंब फडक्याने फिरवून कोरडा करा. लॅकर मारलेल्या मेपलवर तेल लावायचं नाही. पिकअपजवळ स्टील वूल तर अजिबात नको, त्याचा भुगा चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही.

आता तार चढवण्याची कृती.

तार ब्रिजमधून ओवा, सॅडलवरून आणि नटवरून खुंटीपर्यंत सरळ ताणा. तिच्या खुंटीच्या पुढे साधारण १० सेंटीमीटर राहू द्या. तिथे तार आधी काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सैल होतं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. दुकानात बदलून मागायला गेलात तर तार खराब नाही हे त्यांनाही माहीत असतं.

कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या छिद्रात खाली घाला आणि वेढे वरून खाली उतरत जाऊ द्या. दोन ते तीन वेढे पुरेत. ए तारेकडे खास लक्ष द्या. बऱ्याच बेसवर डी आणि जी तारांना दाबून धरणारी चकती हेडस्टॉकवर असते, ए तारेला ती नसते. तिचे वेढे वरच राहिले तर नटवरून खाली जाणारा कोन मिळत नाही आणि खुली ए तार खुळखुळते. मग बिचाऱ्या नटवर आळ येतो.

तार गुंडाळताना तिला पीळ पडू देऊ नका. खुंटी फिरवण्याआधी तार मोकळी लोंबू द्या, पीळ असेल तर ती आपोआप उलगडते.

आता एक बारीकशी गोष्ट, जिने सगळ्यात जास्त फरक पडतो. नवी, ताठ तार सॅडलवरून सरळ खाली वळत नाही, छोटीशी कमान करून उतरते. बाजूने डोळा लावून बघा: सॅडलला लागून तार किंचित फुगलेली दिसेल. सॅडलच्या पुढे, फ्रेटांच्या बाजूला, अंगठ्याने तार हलकेच खाली दाबा. नटच्या पुढेही तसंच करा. फ्लॅटवाउंड असेल तर अगदी हळू, ती कचकन मुडपते. ही कमान राहिली तर स्वर धूसर येतो आणि इंटोनेशन दर दोन दिवसांनी सरकत राहतं.

सावधान: तारांच्या टोकाला असलेला रंगीत रेशमी दोरा खुंटीवर गुंडाळला गेला तर चालतो. तो नटवर किंवा सॅडलवर बसत असेल, तर तारेची लांबी तुमच्या बेसला जुळत नाही.

## टप्पा ३: सूर लावा आणि थांबा

चारही तारा सुरात लावा. प्रत्येक तार मधोमध धरून फ्रेटबोर्डापासून हलकेच उचला, पुन्हा सुरात लावा. सूर उतरणं थांबेपर्यंत हे करत राहा. मग अर्धा-पाऊण तास मनसोक्त वाजवा आणि बेस रात्रभर तसाच ठेवा. तारांची जाडी बदलली असेल तर रात्रभर ठेवण्याला पर्याय नाही.

इथून पुढे प्रत्येक मापाआधी सूर तपासायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. सूर उतरलेल्या बेसवर घेतलेलं माप खोटं असतं.

## टप्पा ४: नेकचा बाक

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करा: ट्रस रॉड ॲक्शन कमी-जास्त करण्यासाठी नसतो. तो तारांच्या ओढीला उलटा जोर देऊन नेकचा बाक ठरवतो. तार झुलते तेव्हा तिचा पट्टा मधोमध सर्वांत रुंद असतो, म्हणून तिला जागा द्यायला नेक मधे किंचित खोलगट हवा. किती? साधारण ०.३ मिमी. रॉड फिरवला की ॲक्शनही थोडी बदलते हे खरं, आणि तिथेच लोक फसतात.

मोजायची पद्धत अशी. बेस वाजवताना धरतो तसा मांडीवर घ्या, कारण आडव्या पडलेल्या बेसचा नेक स्वतःच्या वजनाने थोडा वेगळा बसतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. ई तार जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा. आता तार ही तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर, फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यात ०.३० मिमीचं पातं सरकवा. पातं दोन्हीकडे हलकेच घासत जायला हवं, पण तार उचलली जाता कामा नये. ०.२५ ते ०.३५ मध्ये असेल तर हात लावू नका, सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

फीलर गेज नसेल तर एटीएम कार्डाने ढोबळ अंदाज येतो. कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. ते तिथून आरामात जात असेल तर बाक नक्की जास्त आहे. आणि तार आठव्या फ्रेटला टेकलेलीच असेल तर नेक सपाट आहे किंवा उलटा वाकला आहे.

बाक जास्त असेल तर रॉड आवळायचा. रॉडच्या नटाकडे तोंड करून की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. बाक कमी असेल तर उलट दिशेने सैल करा. आवळण्याआधी तारा एखादा स्वर उतरवून घ्या, म्हणजे रॉडच्या आट्यांवर जोर कमी येतो.

एका वेळी एक अष्टमांश फेरा, फार तर पाव. मग सूर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. नेक बहुतेक लगेच हलतो, पण उरलेलं थोडं दुसऱ्या दिवसापर्यंत हलत राहतं. म्हणून ०.३५ वर आला की "अजून जरासं" करू नका.

सावधान: की फिरत नसेल, कुरकुरत असेल किंवा पाव फेऱ्यानंतरही बाकात काहीच फरक नसेल, तर थांबा. जोर लावून तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करायला फ्रेटबोर्ड उचकटावा लागतो. त्यापुढे सेटअप करणाऱ्याकडेच जायचं.

काही जुन्या पद्धतीच्या बेसवर रॉडचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो आणि त्यासाठी नेक सोडवावा लागतो. तसं असेल तर पहिल्या वेळी कुणा जाणत्याला शेजारी बसवा.

हवामानाचाही इथेच संबंध येतो. जून-जुलैत मुंबई, कोकण, गोव्यात लाकूड ओलावा पितं आणि बहुतेक नेक पुढे वाकतात, ॲक्शन चढलेली वाटते. एप्रिल-मेच्या विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट होतं आणि पहिल्या काही फ्रेटांवर बझ येतो. वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि ऑक्टोबरचा उकाडा संपल्यावर, बाक मोजून बघा. दर पंधरवड्याला रॉड फिरवणाऱ्यांनी मात्र आधी बेस ठेवायची जागा बदलावी: खिडकीखाली, एसीच्या झोतात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेला कुठलाच बेस स्थिर राहत नाही.

## टप्पा ५: नट, फक्त बघायचा

कॅपो काढा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कागदाएवढी फट दिसायला हवी. वरून बोटाने टिचकी मारली तर बारीक "टिक" आवाज येतो, तेवढी. फट भरपूर असेल तर खाच उंच आहे: पहिल्या तीन फ्रेटांवर वाजवताना बोटं दुखतील आणि तिथले स्वर चढे लागतील. फट अजिबात नसेल तर खाच खोल गेली आहे आणि खुली तार बझ करेल.

दोन्ही बाबतींत घरी कानस घेऊ नका. एकदा जास्त घासलेली खाच परत भरून येत नाही. नट हे काम पैसे देऊन करून घ्यायचं.

## टप्पा ६: ॲक्शन

आता सॅडल. कॅपो न लावता, सतराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. सुरुवातीला ई तार २.४ मिमी आणि जी तार २.० मिमी धरा, मधल्या दोन पायरी-पायरीने. बी तार असेल तर तिला ई पेक्षा थोडी जास्त, २.७ च्या आसपास.

सॅडलचे स्क्रू घामाने गंजलेले असतात. मुंबई-गोव्यातल्या बेसवर तर हमखास. फिरवण्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाचणीच्या टोकाने स्क्रूवर सोडा आणि दहा मिनिटं थांबा. सॅडल चढवताना ती तार थोडी ढिली करा. एका सॅडलला दोन स्क्रू असतात, दोन्ही सारखेच फिरवा, म्हणजे सॅडल तिरका होणार नाही. चारी सॅडल झाले की पुन्हा सूर, पुन्हा माप.

आता माझं मत, आणि यावर वाद होतील हे माहीत आहे. घरी हेडफोन लावून वाजवताना जी ॲक्शन लोण्यासारखी वाटते, ती शोला कमी पडते. स्टेजवर शेजारी ऑक्टोपॅड आणि ढोलकी, मॉनिटरमधून बेस पुरेसा येत नाही कारण तो डीआयमधून (बेस थेट साउंड मिक्सरला जोडणारा डबा) थेट बाहेर जातोय, आणि मग हात आपसूक जड पडतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत ई तार फ्रेटांवर आपटायला लागते. म्हणून घरी आवडलेल्या उंचीपेक्षा ०.२ मिमी जास्त ठेवा. शिवाय साउंड चेकलाच मॉनिटरमध्ये बेस वाढवून मागा. लाजून गप्प राहणाऱ्या बेसवाल्याला कुठलाच सेटअप तारू शकत नाही.

## टप्पा ७: बझ कुठे येतो ते ऐका

ॲम्प लावा, टोनची सगळी बटणं मधोमध ठेवा आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट शोमध्ये वाजवता तेवढ्याच जोराने वाजवा. बझ कुठे येतो त्यावरून कारण कळतं.

फक्त खुल्या तारेवर येत असेल, तर नटची खाच किंवा खुंटीवरचे वेढे. पहिल्या ते पाचव्या फ्रेटांवर येत असेल, तर नेक फार सरळ झालाय: टप्पा ४ ला परत जा, रॉड एक अष्टमांश सैल करा. बाराव्याच्या पुढे येत असेल, तर ॲक्शन कमी आहे, सॅडल चढवा. सगळीकडेच थोडा-थोडा येत असेल, तर ॲक्शन कमी आहे किंवा हात जड आहे.

एकाच फ्रेटवर, समजा सातव्यावर वाजवताना बझ आणि बाकी सगळं स्वच्छ, तर त्याच्या पुढचा म्हणजे आठवा फ्रेट उचलला गेला असण्याची शक्यता आहे. एटीएम कार्डाची कड सलग तीन फ्रेटांवर, त्यांना आडवी ठेवा. मधला उंच असेल तर कार्ड त्याच्यावर डुलतं. अशा वेळी सगळी ॲक्शन चढवून एका फ्रेटचं दुखणं झाकू नका, तो फ्रेट बसवून घ्या.

तपासा: बझ नेकमधूनच येतोय ना? सैल खुंटीचा स्क्रू, ब्रिजची ढिली स्प्रिंग, पिकगार्डचा सुटलेला कोपरा, हे सगळे फ्रेट बझची हुबेहूब नक्कल करतात. आवाज येत असताना त्या-त्या भागावर बोट ठेवून बघा.

## टप्पा ८: इंटोनेशन

ॲक्शन पक्की होईपर्यंत याला हात लावायचा नाही. तार जितकी उंच, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. ॲक्शन नंतर बदललीत तर हे काम वाया.

पिकअप जर तारांना अगदी चिकटून असतील तर आधी थोडे खाली करा. चुंबकाच्या ओढीने सूर डळमळतो आणि ट्यूनर फसतो.

बेस मांडीवर, केबल ट्यूनरमध्ये. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून येणारा स्वर) वाजवून तार तंतोतंत सुरात लावा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. नेहमीच्याच दाबाने: जास्त दाबलीत किंवा बाजूला ओढलीत तर स्वर चढा दिसेल आणि तुम्ही चुकीच्या दिशेने निघाल.

दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर नेकच्या जवळ आणा. सॅडल लांब नेताना तार आधी ढिली करा, नाहीतर स्क्रूच्या आट्या जातात. थोडं सरकवा, पुन्हा सूर लावा, पुन्हा हार्मोनिकपासून सुरुवात. दोन-तीन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत आलं की सोडून द्या. त्याहून बारीक फरक तुमच्या बोटाच्या दाबातच होत असतो.

तपासा: शेवटी सॅडलांची रांग तिरकी दिसायला हवी, ई तारेचा सर्वांत मागे आणि जी तारेचा नेकला सर्वांत जवळ. एखादा सॅडल या रांगेतून फटकून बाहेर असेल, तर ती तार सदोष आहे, तिला पीळ पडलाय किंवा टप्पा २ मधली कमान तशीच राहिली आहे. ती आधी सुधारा.

## टप्पा ९: पिकअप

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांच्यातलं अंतर बघा. ई तारेखाली ३ मिमी आणि जी तारेखाली २.५ मिमी इथून सुरुवात करा आणि बाकीचं कानाने ठरवा. चारही तारा सारख्या जोरात याव्यात एवढाच हेतू. दोन पिकअपच्या बेसवर ब्रिजजवळचा पिकअप थोडा वर ठेवावा लागतो, कारण तिथे तार कमी झुलते.

ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी याच वेळी बदला. जॅकमध्ये केबल घातली की सर्किट चालू होतं, म्हणून रियाझ संपला की केबल काढून ठेवायची सवय लावा. मरायला टेकलेली बॅटरी आवाज फाटका करते आणि लोक पिकअप बदलायच्या गोष्टी करू लागतात.

## टप्पा १०: शोच्या दिवशी

या दिवशी ॲलन की बॅगेतच राहू द्या. एकच अपवाद: प्रवासात एखाद्या सॅडलचा स्क्रू सैल होऊन खाली बसला असेल तर तो लिहून ठेवलेल्या मापावर परत आणा.

नाट्यगृहात पोचल्यावर बेस लगेच बॅगेतून काढून स्टँडवर ठेवा, साउंड चेकची वाट बघू नका. एसीत तारा आकसून सूर चढतो, दिवे लागल्यावर तापून उतरतो. म्हणून पडदा उघडण्याआधी दिव्यांखाली उभं राहून पुन्हा सूर तपासा. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये खाऱ्या हवेने तारा भराभर गंजतात. तिथे दर ब्रेकला तारा पुसा, वरून आणि खालूनही. फडकं तारेखालून ओढून घेतलं की दोन्ही बाजू निघतात.

आणि टप्पा २ मध्ये उतरवलेल्या जुन्या तारा फेकू नका. पाण्यात काही मिनिटं उकळून, पूर्ण कोरड्या करून, एकेक गुंडाळी नावानिशी बॅगेच्या खिशात ठेवा. शोमध्ये तार तुटली तर नवी तार तासभर सूर सोडत राहते. जुनी तार आधीच ताणलेली आणि तुमच्याच खुंटीच्या मापाने कापलेली असते, म्हणून पुढच्या गाण्याच्या निवेदनात चढवून होते.